त्या ८६ टक्क्यांबद्दल

प्रिय पोरी,

तू पाठवलेला आकडा वाचला. पशुवैद्यकाच्या मदतनीसाचं काम यंत्राकडे जाण्याची शक्यता ८६ टक्के, आणि त्याखाली तुझा प्रश्न: पदविका पुरी करू की आत्ताच दुसरं काही बघू?

आकडा खरा आहे, पण तो कुणाबद्दल आहे तेही बघ. २०१३ साली ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबर्न या दोघांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय घेऊन ही यादी केली. त्यात पशुवैद्यकाचे मदतनीस आणि प्रयोगशाळेतले प्राणी सांभाळणारे एकाच ओळीत आहेत. पिंजरे धुणं, वेळेवर खाणं घालणं, वजन करून लिहून ठेवणं, अवजारं निर्जंतुक करणं असं त्यांचं काम. त्याच यादीत शिकलेल्या पशुवैद्यकीय तंत्रज्ञापुढचा आकडा तीन टक्क्यांच्या आसपास आहे, डॉक्टरापेक्षाही थोडा कमी. ही दुसरी ओळ तुला कुणी पाठवली नाही. भीतीचे मेसेज असेच अर्धे फिरतात.

आपल्याकडे कागदावर परिचर वेगळा, व्रणोपचारक वेगळा, पशुधन पर्यवेक्षक वेगळा. गावात मात्र जो कोणी पिशवी घेऊन गोठ्यात शिरला तो 'डाक्तर'. म्हणजे त्या यादीतल्या दोन्ही ओळी तुझ्या एकाच दिवसात येणार. सकाळी तू जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर सरकारच्या 'भारत पशुधन' या नोंदणी ॲपवर भरशील, दुपारी कुणाच्या म्हशीत कोपरापर्यंत हात घालून ती गाभण आहे की नाही ते सांगशील. पहिलं काम उद्या कॅमेरा करेल, खुशाल करू दे. तुझी किंमत दुसऱ्या कामावर ठरणार आहे, आणि मला दिसतं ते असं की नवी मुलं पहिल्यातच रमतात. मोबाइल हातात असला की शेणात हात घालावा लागत नाही ना.

माजाचंच घे, म्हणजे जनावर फळायला तयार झालंय हे ओळखण्याचं. मोठ्या डेअऱ्यांत गाईच्या गळ्यात पट्टा असतो. तिची हालचाल वाढली, रवंथ कमी झालं की मालकाच्या फोनवर संदेश येतो. चांगली वस्तू आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण आपल्याकडची गाय सकाळी आखरावर जाते आणि गायक्यामागे दिवसभर रानात हिंडते. म्हैस तर दावणीलाच. त्यातून उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो: ओरडत नाही, उड्या नाहीत, सोट, म्हणजे शेपटीखालचा चिकट स्राव, दिसला तर दिसला. तो ओळखायचा तर पहाटे गोठ्यात जावं लागतं, शेपटीखाली बघावं लागतं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दूध काढणाऱ्या बाईला विचारावं लागतं. 'काल पान्हा चोरला जी तिनं' हे ती तुला सांगेल. पट्ट्याला ते कळत नाही, आणि डॉक्टरसाहेबांना सांगायला ती लाजते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन, संध्याकाळी दिसला तर सकाळी, हे तुला पाठ असेलच. खरा घोळ माज कधी सुरू झाला हे ठरवण्यात असतो.

रेतनमात्रा, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची कांडी, वितळवताना पाणी ३७ अंशांचं हवं, आणि ते थर्मामीटरने मोजायचं, बोट बुडवून नाही. मे महिन्यात आपल्याकडे हौदातलं पाणीच त्याहून गरम असतं. या मात्रा ज्यात ठेवतात तो द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. त्याची पातळी लाकडी पट्टी घालून बघत जा, पोकळ नळी कधी घालू नकोस.

आणि हातमोजे. व्याल्यावर जार (वार) अडकली की शेतकरी घाई करतो, 'काढा ना ताई लवकर' म्हणतो. उघड्या हाताने काढायची नाही. गाभ टाकलेल्या जनावराच्या जारेतून ब्रुसेलोसिस माणसाला होतो, आणि ताप, सांधेदुखी लवकर पिच्छा सोडत नाही. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना त्याची लस टोचताना तर जास्तच जप. ती जिवंत लस आहे, सुई स्वतःला लागली तर ती तुलाही भोवते.

यंत्रापेक्षा मला दुसरी एक भीती जास्त वाटते. हात बसला की माणूस आपली पायरी विसरतो. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे आपल्याला किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. मायांग (गर्भाशय) बाहेर आलं, वासरू आडवं अडकलं, की १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लाव आणि गाडी येईपर्यंत जनावर सांभाळ. गावकरी म्हणतील, 'तुमाले तं सारं येते, तुमीच करा.' त्या कौतुकाला भुलू नकोस. फोनवर लक्षणं नीट सांगणं हेही कौशल्यच आहे: ताप किती, रवंथ आहे का, शेण कसं, कालपासून चारा काय, कुटार की कोवळी ज्वारी. हे नेमकं सांगणारा माणूस असला तर डॉक्टर निघतानाच योग्य औषध घेऊन निघतो.

मुलगी म्हणून तुला आधी 'जमंल का?' असं विचारतील. त्यावर वाद घालू नकोस. गाय नीट बांधून घे, खोडा असेल तर खोड्यात घे, आणि कामाला लाग. दोन-चार गाई तुझ्या हातून गाभण राहिल्या की तो प्रश्न आपोआप बंद होतो.

तेव्हा पदविका पुरी कर. लॅपटॉप आधी घेऊ की दुचाकी, असंही विचारलं आहेस. दुचाकी घे. पाय जमिनीला टेकतील अशी बघ, आणि मागे तीन लिटरचा कंटेनर उभा बांधता येतो का ते दुकानातच बांधून पाहा. आडवा झाला तर नायट्रोजन सांडतो, आणि पावसाळ्यात आपले पांदण रस्ते कसे असतात ते तुला मी सांगायला नको.

तुझा,
काका