जुन्या मारुती 800 चं सगळं वायरिंग बदलावं का?

नका बदलू. निदान मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) लावून पाहिल्याशिवाय तर नकोच. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मिणमिणतो, आणि गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ फिरत नाही, नवी बॅटरी घालूनही तेच, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन वेगळे दोष आहेत असं मला वाटतं. दोन्ही एकत्र धरले की कुठलाही मेकॅनिक शेवटी ‘सगळं वायरिंगच गेलंय’ म्हणणार.

आधी इंडिकेटरचं बघा. हा अर्थिंगचा दोष आहे. बल्बला करंट वायरीतून येतो, पण परत जातो तो गाडीच्या पत्र्यातून. मागच्या लॅम्पची अर्थची वायर आतल्या बाजूला पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. तुमच्या खानापूर-जांबोटीकडचा पाऊस म्हणजे चार महिने पत्र्याला ओल. तो स्क्रू आतून गंजतो, वरून मात्र घट्ट दिसतो. मग ब्रेकच्या बल्बचा करंट परतीची दुसरी वाट धरतो. शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरतो, त्याच्या वायरीने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथल्या अर्थला मिळतो. उसाला पाणी सोडल्यावर पाट तुंबला की ते बाजूच्या सरीत घुसतं ना, तसंच. म्हणून दाबता ब्रेक आणि पेटतो इंडिकेटर.

तपासायचं असं. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या मायनसला (लांब वायर जोडून घ्यावी लागेल), दुसरी मागच्या लॅम्पच्या अर्थला. आता घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. एक-दोन व्होल्ट दिसले तर दोष तिथेच आहे. हे बल्ब पेटलेला असतानाच मोजायचं. बरेच जण ओहमवर ठेवून ‘पीं’ आवाज आला की वायर ठीक म्हणतात. त्यात फसगत होते, कारण तारेचा एखादाच धागा शिल्लक असला तरी मीटर वाजतो. लोड आला की मात्र ती वायर पुरेसा करंट जाऊ देत नाही.

दोष सापडला तर स्क्रू काढून पत्रा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा, नवीन रिंग टर्मिनल लावा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली चोपडा. तसंच बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या जाड पट्ट्याही काढून साफ करा. दहा मिनिटांचं काम, पण कुणी करत नाही.

आता बॅटरी उतरण्याचं. मारुती 800 ला साधारण 35 अँपिअर-अवरची बॅटरी असते. नुसता अर्धा अँपिअर सतत गळत राहिला तरी दिवसाला 12 अँपिअर-अवर जातात, म्हणजे तीन दिवसांत संपलीच. तुमच्या लक्षणाशी हे अगदी जुळतं. सगळं बंद करा, दारं लावा, मायनसचा टर्मिनल सोडवा. मीटरची लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात घाला आणि सोडवलेला टर्मिनल व बॅटरी यांच्या मध्ये मीटर लावा. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका की सेल्फ मारू नका, मीटर जळेल. इतक्या जुन्या गाडीत आकडा 0.05 अँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, त्या लाइनवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही गळती थांबली नाही, तर अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) जाड वायर सोडवून बघा. त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला की रात्रभर करंट पितो.

माझा पहिला संशय नंतर बसवलेल्या वस्तूंवर असेल: म्युझिक सिस्टिम, जोरदार हॉर्न, फॉग लॅम्प. हे बसवताना मूळ वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळतात. उन्हात टेपचा गोंद सुटतो, पावसात तांबं हिरवं पडतं. त्यानंतर दाराच्या बिजागरीजवळ आणि इंजिनकडून आत येणाऱ्या वायरींच्या रबराजवळ बघा, तिथे घासून कातडं निघतं. आणि गाडी गोठ्याजवळ किंवा शेतघरात उभी असेल तर उंदीर. आपल्या भागात हे कारण हसण्यावारी नेऊ नका, डॅशबोर्डखाली हात घालून वायरी चाचपा.

मधल्या काळात फ्यूज उडाला तर 10 अँपिअरच्या जागी 20 चा घालू नका, वायरीचा तुकडा तर नाहीच. फ्यूज वाचतो आणि वायर पेटते.

पूर्ण वायरिंग बदलायला मी एकाच परिस्थितीत हो म्हणेन: वायर वाकवली की प्लास्टिक तडकतंय आणि कुठेही सोललं तरी तांबं काळं निघतंय. नाहीतर कंपनीनं बसवलेलं जुनं हार्नेस (वायरींचा जुडगा) कुणी हातानं ओढलेल्या नव्यापेक्षा बरं. खराब तुकडा तेवढा कापा, तेवढ्याच जाडीची वायर सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवा. ब्रेक दाबल्यावरचा व्होल्ट आणि गाडी बंद असतानाचा अँपिअर, हे दोन आकडे मिळाले की इथेच लिहा. मग पुढचं नेमकं सांगता येईल.