खंदक म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द मूळचा कुठला?

शब्द फारसी. 'कंदन' म्हणजे खणणे, त्यातून आलेला 'कंदग' अरबीत जाऊन 'खंदक' झाला आणि तिथून फिरत आपल्याकडे आला. वस्तू मात्र आपल्याकडे आधीपासून होती, तिला परिखा म्हणत. कौटिल्याने तर 14, 12 आणि 10 दंड (लांबीचं जुनं माप) रुंदीच्या तीन परिखा सांगून, त्यातून निघालेल्या मातीचाच वप्र, म्हणजे तटाखालचा बांध, रचायला सांगितलाय.

आता अर्थ. आमचे दाजी औशाचा किल्ला बघायला आले तेव्हा खंदकाच्या काठावर उभे राहून म्हणाले, "पाणीच नाही तर खंदक कशाचा? नुसता चर हाय. बुजवून टाका, गाळे निघतील." खाली बाभळी, त्यांच्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि कुणीतरी आणून ओतलेला विटांचा राडारोडा. मला तो राडारोडा बघूनच संताप आला होता, त्यात हे. घरी जेवणावर बसेपर्यंत आमचं चालूच होतं, शेवटी ताई ओरडली.

पाणी म्हणजे खंदक नव्हे. 627 साली मदिनेत पैगंबरांचा सहकारी सलमान फारसी याच्या सल्ल्याने जो खंदक खणला, ज्यावरून त्या लढाईलाच खंदकची लढाई म्हणतात, तो कोरडाच होता. तरी मक्केकडून आलेलं घोडदळ त्याच्यापुढे अडलं. खंदकाने शिड्या तोकड्या पडतात, हत्ती तटाला भिडत नाही, सुरुंग लावणाऱ्याला खंदकाच्या तळाखालून जावं लागतं, आणि जो खाली उतरला तो वरच्या जंग्यांसमोर, म्हणजे तटातल्या मारा करायच्या भोकांसमोर, उघडा पडतो. पाणी असेल तर हे सगळं आणखी अवघड, एवढंच.

देवगिरीला जा. तिथला खंदक खडकात कोरलेला आहे आणि आतल्या बाजूचा डोंगरच सरळसोट तासून काढलाय. ते बघून 'चर' म्हणायची कुणाची जीभ रेटणार नाही.

हां, सह्याद्रीतल्या गडांना हे लागू नाही, तिथे मुख्य काम कडेच करतात. आमच्याकडे औसा, परंडा, कंधार हे भुईकोट, भोवती सपाट रान, म्हणून खंदकावाचून गत्यंतर नाही. तुमच्या गावात असा खंदक असेल आणि कुणी "कोरडाय, भरून घेऊ" म्हणालं, तर ग्रामसभेत उभं राहून विरोध करा. दाजी असले तरी.