जपान-चीन वुड चिप आयात: मूल्याच्या रेषेआधी वजन बघा

तुमचा प्रश्न असा आहे: २००० पासूनच्या वुड चिप (कागदाच्या लगद्यासाठी वापरले जाणारे लाकडाचे छोटे तुकडे) आयातीच्या मूल्याचा आलेख काढल्यावर जपानची रेषा डगमगत खाली येते आणि चीनची वर चढते, तर जपानची मागणी चीनकडे सरकली असं म्हणावं का? चीनने २०१० च्या दशकात जपानला मागे टाकलं, हे खरं. पण ‘मागणी सरकली’ हा निष्कर्ष नुसत्या मूल्यावरून निघत नाही.

सगळ्यात आधी एचएस कोड, म्हणजे जागतिक व्यापारात मालाला दिलेला वर्गीकरणाचा क्रमांक, तपासा. तुम्ही ४४०१ हा चार अंकी कोड घेतलेला दिसतो. त्यात जळाऊ लाकूड, भुसा आणि पेलेट्सही (दाबून केलेल्या इंधनाच्या लाकडी गोळ्या) येतात. चिप्ससाठी ४४०१२१ (सूचिपर्णी) आणि ४४०१२२ (इतर झाडं) हे दोनच कोड घ्या. जपानच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. जुलै २०१२ मध्ये तिथे अक्षय ऊर्जेसाठी ठरावीक दराने वीजखरेदीची योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत वीजकेंद्रांसाठी पेलेट्सची आयात वाढत गेली. कागद गिरण्यांच्या चिप्स घटत असताना ४४०१ चा एकूण आकडा ही घट झाकून टाकतो. मीही एकदा याच आकड्यावरून ‘जपान सावरला’ असं लिहिलं होतं आणि नंतर ते मागे घ्यावं लागलं.

दुसरं, चलन. जपानचं सीमाशुल्क खातं आकडे येनमध्ये देतं, तर कॉमट्रेड हा संयुक्त राष्ट्रांचा व्यापार-आकडेसंग्रह ते डॉलरमध्ये बदलून देतो. २०१२ मध्ये डॉलर सरासरी ८० येनच्या आसपास होता, २०१५ मध्ये १२१ च्या आसपास. समजा सौदा डॉलरमध्ये झाला आहे आणि दोन्ही वर्षी १० कोटी डॉलरचाच माल आला. येनमध्ये तो ८०० कोटींवरून १,२१० कोटींवर जातो, बोटीत एक किलोही न वाढता. उलट सौदा येनमध्ये असेल, तर डॉलरच्या आलेखात तितकाच माल एक तृतीयांशाने कमी झालेला दिसेल. म्हणून दोन्ही चलनांत रेषा काढून बघा. वळण एकाच चलनात दिसत असेल, तर बहुधा ते विनिमय दराचं आहे, लाकडाचं नव्हे.

दोन्ही देश आयातीचं मूल्य सीआयएफ पद्धतीने, म्हणजे भाडं आणि विमा धरून मोजतात, त्यामुळे इथे तुलना रास्त आहे. (अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाची आयात घातलीत तर ती तशी राहणार नाही.) तरी अंतर विसरू नका. व्हिएतनामचं अकेशिया (चिप्ससाठी लावलं जाणारं झाड) दक्षिण चीनच्या बंदरांना जवळ पडतं. जपानचा बराच माल चिली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातून येतो. जहाजाचं भाडं चढलं की जपानचं मूल्य जास्त फुगतं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण मूल्याच्या रेषेत भाडं वेगळं दिसत नाही.

म्हणून वजनाचा आलेख आधी काढा आणि मूल्याला वजनाने भागून प्रति टन किंमत वेगळी मांडा. वजन कोरडं आहे की ओलं, ते नक्की पाहा. ताज्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं आणि या धंद्यातले सौदे पूर्ण कोरड्या टनावर होतात. कॉमट्रेडमध्ये काही वर्षांचं वजन अंदाजाने भरलेलं असतं, तशी खूण असलेली वर्षं वगळा.

आधारवर्ष, म्हणजे ज्याला १०० धरून बाकीची वर्षं मोजायची ते वर्ष, २००९ धरू नका. ते जागतिक मंदीचं वर्ष आहे, त्यानंतरची प्रत्येक वाढ मोठी दिसेल. २००० ला १०० धरलंत तर चीनचा आकडा तेव्हा इतका छोटा होता की त्याची रेषा कागदाबाहेर जाईल. लॉग स्केल वापरा, म्हणजे उभ्या अक्षावर प्रत्येक समान अंतर समान पटीची वाढ दाखवेल.

आणि चीनसाठी ४७०३, म्हणजे रासायनिक लगद्याची आयात, त्याच आलेखाखाली ठेवा. चीन लाकूड चिप्सच्या रूपात घेतो तसंच तयार लगद्याच्या रूपातही घेतो, आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याने रद्दी कागदाची आयात पूर्ण बंद केल्यावर नव्या तंतूची गरज वाढली. जपानमध्ये छपाईच्या कागदाचा खप घटत गेला, हे त्याच्यापासून वेगळं कारण आहे. दोन्ही रेषा एकाच काळात उलट दिशेला गेल्या, तरी एकीचा माल दुसरीकडे वळला हे दाखवायला पुरवठादार देशांप्रमाणे वजन लागेल. व्हिएतनाम आणि ऑस्ट्रेलिया या दोघांपासून सुरुवात करा, कारण दोन्ही गिऱ्हाइकांना माल देणारे मोठे पुरवठादार तेच आहेत.