संगीत कुठे नको, ते आधी ठरव

प्रिय दोस्ता,

तुझी २२ मिनिटांची फिल्म पाहिली, पत्रही वाचलं. फिल्ममध्ये १९ मिनिटं संगीत वाजतंय. पत्रात तू विचारतोस की संगीताची पदवी नसताना जपानी चित्रपट-संगीतकार ताकेमित्सूंच्या वाटेनं जाता येईल का, आणि दिग्दर्शक सारखा "अजून भावना आण" म्हणतो तेव्हा करायचं काय.

पदवीचा घोर सोड. तोरू ताकेमित्सू (१९३०–१९९६) बहुतांशी स्वतःच शिकले. 'गोजिरा' (गॉडझिला) या चित्रपटाचं संगीत करणारे आकिरा इफुकुबे वनशास्त्र शिकलेले. ताकेमित्सूंना खरी तालीम मिळाली ती कामातच, फुमिओ हायासाकांच्या हाताखाली. हायासाका म्हणजे दिग्दर्शक कुरोसावांच्या 'राशोमोन' आणि 'सेव्हन समुराई'चे संगीतकार. १९५५ मध्ये क्षयानं गेले, वय अवघं ४१. तेव्हा शिकायचं असेल तर कामात असलेल्या माणसाजवळ जाऊन बस, त्याच्या नोटेशनच्या प्रती काढ, त्याच्या रेकॉर्डिंगला हजर राहा.

आता दुसरा प्रश्न, आणि तोच खरा. तू संगीत कुठे हवं ते शोधत बसलास. संगीत कुठे नको, ते आधी ठरव.

ताकेमित्सूंचं संगीत असलेल्या 'क्वायदान' या भूतकथांच्या चित्रपटातली काळ्या केसांची गोष्ट पुन्हा लाव. सामुराई मोडक्या घरात जागा होतो, शेजारी पाहतो, हादरतो. तिथे भीतीचे व्हायोलिन नाहीत. लाकूड चिरल्याचे, तडकल्याचे आवाज टेपवर प्रक्रिया करून वापरलेत, आणि ते पडद्यावरच्या हालचालीशी जुळत नाहीत. ज्या हालचालीला आवाज हवा तिथे शांतता, आणि तडा भलत्याच क्षणी. पोटात गोळा येतो तो या चुकलेल्या वेळेमुळे. खाली तंतुवाद्यांचा एक थर पसरला असता तर कानानं सगळं एकत्र बांधून घेतलं असतं आणि भीती निघून गेली असती. तुझ्या विहिरीच्या प्रसंगात नेमकं हेच झालंय. रहाटाचा कुरकुर आवाज तुझ्याकडे होता, छान ध्वनिमुद्रित केलेला, आणि तू त्यावर पॅड, म्हणजे सिंथचा लांबलचक सूर, ओतलास! असं करू नकोस रे.

दिग्दर्शकाशी वाद झाले म्हणून खचू नकोस. 'रान' या चित्रपटाच्या वेळी कुरोसावांना माहलर या युरोपियन संगीतकाराच्या वळणाचं संगीत हवं होतं, ताकेमित्सूंना ते पटत नव्हतं. चांगलंच बिनसलं, आणि त्यानंतर दोघांनी एकत्र चित्रपट केला नाही. तरी त्या तिसऱ्या किल्ल्याच्या लढाईत काय आहे बघ. बाण, तलवारी, घोडे, किंकाळ्या, सगळ्यांचा आवाज काढून टाकलाय. मिनिटांमागून मिनिटं फक्त वाद्यवृंदाचा शोक. मग एक गोळी सुटते, संगीत तुटतं आणि खरे आवाज परत येतात. इथे संगीत ठेवून बाकीचं काढलंय. नियम तोच: एका वेळी एकानंच बोलायचं. दोघं बोलतात तेव्हा कुणाचंच ऐकू येत नाही.

आता कामाला लाग. फिल्म आधी आवाज बंद करून पाहा, मग फक्त संवाद आणि ध्वनी लावून. दिग्दर्शकानं नमुन्यादाखल टाकलेलं संगीत सुरुवातीला ऐकूच नकोस. एकदा कानात बसलं की त्याची नक्कलच होते. मग तक्ता कर. संगीताच्या प्रवेशाचा टाइमकोड (फिल्ममधली नेमकी वेळ), निर्गमाचा टाइमकोड, कारण, आणि चौथा रकाना: "हे नसेल तर काय बिघडतं?" तो रकाना रिकामा राहिला तर तो तुकडा गेला. रडू येणाऱ्या वाक्यावर प्रवेश करू नकोस. वाक्य संपू दे, नजर वळू दे किंवा दृश्य बदलू दे. वाक्याबरोबर आलास की प्रेक्षकाला ढोसल्यासारखं होतं.

हिशेब पक्का हवा. सेकंदाला २४ फ्रेमच्या फिल्मला लय मिनिटाला ६० मात्रांची असेल तर मात्रा २४ फ्रेमची, ७२ ला २० ची, ८० ला १८ ची, ९६ ला १५ ची. तुझं दार तुकडा सुरू झाल्यापासून २२.५ सेकंदांनी बंद होतं. ७२ च्या लयीत तिथवर २७ मात्रा होतात: सहा आवर्तनं चार मात्रांची, एक तीनची, आणि दार बरोब्बर नव्या समेवर. एवढं जमलं की मग विचार, समेवर वाजवायलाच हवं का? दाराचा आवाज पुरेसा आहे. दोन मात्रा आधी थांब आणि दाराला वाजू दे.

संगीताच्या सॉफ्टवेअरमधला तुझा प्रोजेक्ट २५ फ्रेमवर होता आणि चित्र २४ चं, म्हणून मिनिटाला अडीच सेकंदांच्या आसपास फरक पडत गेला. पहिल्याच दिवशी एडिटरला विचारून घे. संवादाखाली बासरी आणि व्हायोलिनचे वरचे सूर टाळ. व्यंजनं साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये कळतात, आणि तिथे गर्दी झाली की मिक्सिंग करणारा तुझं सगळंच खाली ओढतो. म्हणून ताल, तंतू, एकल वाद्य, खर्ज हे वेगवेगळे ट्रॅक दे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शेवटच्या गुंजनाची शेपटी पूर्ण ठेवून.

आणि ते शाकुहाचीचं (जपानी बांबूच्या बासरीचं) सॅम्पल काढ. ताकेमित्सू कित्येक वर्षं जपानी वाद्यांपासून दूरच राहिले. १९६२ च्या 'हाराकिरी' चित्रपटात बिवा (जपानी तंतुवाद्य) आली, 'क्वायदान'मध्ये पुन्हा आली, आणि १९६७ मध्ये 'नोव्हेंबर स्टेप्स' या मैफलीच्या रचनेत बिवा आणि शाकुहाची न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासमोर उभी राहिली. तिथेही त्यांनी वाद्यवृंदात ती मिसळून टाकली नाहीत, आमनेसामने ठेवली. चित्रपटात आवाज पारखायचे आणि मैफलीत न्यायचे, असं नव्वदच्या वर चित्रपट केलेल्या या माणसाचं काम चालायचं. तुझ्या सातारच्या विहिरीला ते सॅम्पल कशाला?

मी नव्या मुलांना वाद्यरचनेआधी हा तक्ताच करायला लावतो, म्हणून लोक नावं ठेवतात. ठेवोत. वाद्यरचना पुस्तकातून येते, सराव केला की हात बसतो. थांबायचं कुठे ते दुसरं कुणी ठरवून देत नाही, आणि दहा वर्षं सगळीकडे वाजवत राहिलेल्या माणसाला ते नंतर शिकवणं फार जड जातं. तुझा कान चांगला आहे. शेवटच्या प्रसंगातली एकट्या सारंगीची ओळ ऐकून ते कळतं. ती ओळ तशीच ठेव.

बाकीच्या फिल्मचा तक्ता रविवारपर्यंत पाठव. संगीताची फाइल जोडू नकोस, नुसता तक्ता. चौथा रकाना भरलेला हवा.