शिथिलक देण्याआधी झोप

व्हेंटिलेटरवरच्या लेकराला वेकुरोनियम हे शिथिलक सुरू करायचं म्हणतोस, तर एक पक्कं ठेव डोक्यात: हे औषध स्नायू थांबवतं, दुखणं आणि भान नाही. मिडाझोलम (गुंगीचं) आणि फेंटानिल (दुखणं थांबवणारं) नीट चालू असल्याशिवाय हात लावू नकोस. धारणीकडच्या एका लेकराची नाडी अचानक १८० झाली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. पाहतो तर गुंगीच्या औषधाची सिरिंज रिकामी! अजून काटा येतो अंगावर.

डोळ्यांत मलम घाल, पापण्या मिटव. श्वासाची नळी सुटली तर पोरगं स्वतः श्वास घेणार नाही. अलार्म बंद करायचा नाही, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) उशाशीच. आपल्याकडे वीज जाते, विसरू नकोस.

तब्येत साथ देत असेल तर रोज थोडा वेळ वेकुरोनियम थांबवून हातपाय हलतात का बघ. नवखे हेच विसरतात. बाकीचं नंतर शिकवीन, जमेल तुला.