एक्स-रे नॉर्मल आला तरी बोलिंग बंद ठेव

तू लिहिलंयस की वय १७, उजव्या हाताने फास्ट बोलिंग, तीन आठवडे कंबरेत डाव्या बाजूला एकाच जागी दुखतंय, एक्स-रे नॉर्मल, स्नायू आखडलाय असं सांगितलंय आणि पंधरा दिवसांवर सिलेक्शन आहे, तर गोळी घेऊन खेळू का. नको खेळूस. का ते सांगतो, थोडं लांबेल.

उजव्या हाताच्या बोलरला डाव्या बाजूला दुखणं, तेही मागे वाकल्यावर जास्त, हे ऐकलं की माझ्या डोक्यात पहिलं स्ट्रेस फ्रॅक्चरच येतं, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून हाडाला जाणारी चीर. मणक्याच्या मागच्या बाजूला, वरच्या आणि खालच्या सांध्याच्या मधे हाडाचा एक बारीक पूल असतो, त्याला पार्स म्हणतात. बॉल सोडताना पुढचा पाय आपटतो तेव्हा वजनाच्या पाचपटीहून जास्त जोर अंगात येतो आणि नेमकं त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळलेली असते, मग तो पूल दर बॉलला थोडा थोडा दाबला जातो. एका बॉलने काही होत नाही, पण हाड रात्रीतून जेवढं सावरतं त्यापेक्षा जास्त रोज झिजवलं की आधी आतून सूज, मग बारीक चीर, मग आरपार तडा. बहुतेक वेळा हे कंबरेच्या सगळ्यात खालच्या, म्हणजे एल-फाइव्ह मणक्यात होतं, बोलर लोकांत त्याच्या वरच्या एल-फोरलाही बऱ्यापैकी. जिम्नॅस्ट, वेटलिफ्टर, डायव्हिंगवाले यांच्यातही हेच दुखणं असतं, कारण तेच, मागे वाकणं आणि वळणं.

आता एक्स-रे. सुरुवातीच्या सुजेचं एक्स-रेवर काहीच दिसत नाही, चीर बारीक असेल तर तीही सुटते, त्यामुळे नॉर्मल रिपोर्टने फक्त 'मोठं काही दिसलं नाही' एवढंच कळतं. एमआरआय करून घे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांग की मी फास्ट बोलर आहे, पार्स नीट बघा, कारण नुसतं 'कंबर दुखते' म्हटलं की सगळे डिस्कच, म्हणजे दोन मणक्यांमधली गादीच, शोधत बसतात. सुजेच्या टप्प्यावर पकडलं तर हाड पूर्ण जुळायची शक्यता चांगली असते, दोन्ही बाजूंनी आरपार गेलं की ती बरीच कमी होते आणि कधीकधी मणका पुढे सरकतो.

माझं स्वतःचं सांगतो. १९व्या वर्षी अगदी असंच झालं, सहा आठवडे आराम केला, दुखणं शून्य, मी खुश, नेटमधे पहिल्याच दिवशी फुल रनअप. चौथ्या आठवड्यात परत तीच जागा आणि या वेळी शूजची लेस बांधता येईना. दुखणं आधी जातं, हाड मागाहून भरतं, हे तेव्हा मला कोणी समजावलं नाही, आणि खरं सांगायचं तर समजावलं असतं तरी मी ऐकलं नसतं. दुसऱ्या वेळी जवळजवळ पूर्ण सीझन गेला.

साधारण हिशोब असा की तीन-चार महिने बोलिंग बंद आणि फुल स्पीडला यायला सहा ते नऊ महिने. मधल्या काळात फिजिओ पोट, कुल्हे, हॅमस्ट्रिंग (मांडीचे मागचे स्नायू) यावर काम करून घेईल, तू उगाच व्हिडिओ बघून मागे वाकायचे व्यायाम करू नकोस. परत येताना नेटमधले बॉलही मोज, लोक मॅचच्या ओव्हर मोजतात आणि नेटमधे दीडशे टाकतात. आधी उभ्याने, मग अर्ध्या रनअपने, दिवसाआड, आणि एका आठवड्यात बॉल एकदम दुप्पट कधीच नाही. ॲक्शनचा व्हिडिओ चांगल्या कोचला दाखव, खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला अशी मिक्स ॲक्शन असेल तर ती दुरुस्त करायला हीच वेळ. आणि नीट जेव, व्हिटॅमिन डी तपासून घे, उपाशी शरीर हाड भरत नाही.

सिलेक्शन गेलं तर वाईट वाटेलच. पण ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर पॅट कमिन्स याने १८व्या वर्षी २०११ मधे पहिली टेस्ट खेळली आणि दुसरी थेट २०१७ मधे, मधे पाठीने पुन्हा पुन्हा दगा दिला. बुमराहला २०१९ मधे कंबरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं आणि २०२३ मधे पाठीचं ऑपरेशनही करावं लागलं. जगातले सगळ्यात भारी फिजिओ हाताशी असून ही गत. आणि १७व्या वर्षी हाड अजून पक्कं व्हायचं असतं, त्यामुळे या वयात धोका जास्तच.

पायात मुंग्या, बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं किंवा रात्री झोपमोड करणारं दुखणं यातलं काही असेल तर एमआरआयची वाट न बघता आजच डॉक्टरकडे जा. नसेल तर या आठवड्यात तपासणी उरक, हे बाबांनाही वाचायला दे, आणि रिपोर्टमधे कुठला मणका, कुठली बाजू आणि सूज की चीर असं काय लिहिलंय ते कळव, मग पुढचं बोलू.