धाकटी बहीण उंच झाली, माझी उंची थांबली का?

अंबाजोगाईच्या एका लेकराचं पत्र आलंय. वय साडेचौदा, लातूरला होस्टेलवर राहून नववी करतोय, उंची 152 सेंटीमीटर. पोरं 'बुटक्या' म्हणून हाक मारतात, 12 वर्षांची बहीण पण पुढं गेली. पोलीस भरतीचं स्वप्न आहे आणि विचारतोय, मावशी, उंची वाढायची पावडर मागवू का?

नको रे बाबा, अजिबात मागवू नको. कोणतीच पावडर खाऊन हाड लांब होत नसतं, आणि लटकून पण नाही. लटकायचं तर व्यायाम म्हणून लटक.

आधी बहिणीचं सांगते, कारण तेच तुला जास्त लागलेलं दिसतंय. पोरी पोरांच्या साधारण दोन वर्षं आधी वाढतात, त्यांचा जोर 11-12 ला असतो, पाळी सुरू झाली की वेग कमी होतो. पोरांचा जोर 13-14 ला, कुणाचा अजून उशिरा, आणि त्या एका वर्षात 8-10 सेंटीमीटर पण वाढतात. म्हणजे ती तुझ्या पुढं गेली नाही, तिचा नंबर आधी लागला एवढंच, तुझा लागायचाय.

तू लिहिलंयस की आवाज फाटायलाय आणि जूनमधे घेतलेली सॅंडल दिवाळीतच बोटाला लागायली. लेकरा, हीच तर खूण आहे! आधी पाऊल वाढतं, मग पाय, धड सगळ्यात शेवटी. तुझे पप्पा पण दहावीपर्यंत बारकेच होते आणि कॉलेजात एकदम वाढले असं तूच लिहिलंयस, हे उशिरा वाढणं घराण्यात चालत येतं.

हिशोब बघ. पप्पा 168, आई 154, त्यात पोरासाठी 13 मिळवायचे आणि निम्मे करायचे, आले 167.5. हा अंदाज आहे, 8 सेंटीमीटर इकडं तिकडं होऊ शकतं, त्यामुळं खात्री मी देत नाही. पण भरतीला पोरांना 165 लागतात आणि वय 18 पूर्ण लागतं, म्हणजे तुझ्या हातात साडेतीन वर्षं आहेत. हाडाच्या टोकाला जी वाढीची जागा असते ती बंद होईस्तोवर उंची वाढते, पोरांमधे बहुतेक 16 ते 18 पर्यंत.

मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. रात्री दोनपर्यंत अभ्यास, सकाळी सहाला ट्युशन, आणि मेसमधलं वरण पाणचट म्हणून नुसता भात खाऊन उठायचं, हे काय? वाढीचं हार्मोन गाढ झोपेत सगळ्यात जास्त सुटतं. अकराच्या आत झोप. पावडरचे पैसे अंडी, दूध, फुटाणे, शेंगदाण्यावर घाल, आईला म्हण घरून शेंगदाण्याची चटणी अन् भाकरी पाठव. शाळेत लोहाची निळी गोळी देतात ती फेकू नको.

दर तीन महिन्याला भिंतीला टाच टेकवून, सकाळीच माप, कारण संध्याकाळी माणूस एखादा सेंटीमीटर कमी भरतो. सहा महिन्यांत दोन-तीन सेंटीमीटर पण सरकली नाही तर पप्पांना घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखव. ते डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतील, थायरॉईड आणि रक्त तपासतील. आणि पोरं चिडवतात ते वॉर्डन सरांना सांग, लाजू नको.